आमचा सूर्य आधी उगवतो

माझं औषधांचं दुकान आहे, त्यामुळे काळ म्हणजे काय हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती. काळ म्हणजे गोळ्यांच्या पाकिटामागे छापलेली तारीख. ती उलटली की माल परत जातो, आणि कंपनीचा माणूस कितीही गोड बोलला तरी ती तारीख पुढे सरकत नाही. एवढ्या ज्ञानावर माझं आयुष्य सुरळीत चाललं होतं.

मग भाचीनं मला एक पुस्तक आणून दिलं. भाची म्हणजे माझ्या थोरल्या भावाची मुलगी. इथेच जबलपूरला एका कॉलेजात फिजिक्स शिकवते. कॉलेज सुटलं की स्कूटर दुकानापुढे लावते, काउंटरच्या आत येऊन बसते आणि खोकला नसताना खोकल्याच्या गोळ्या चघळते.

"आत्या, दुपारभर मोबाइलवर लोणच्यांचे व्हिडिओ पाहून राहते तू," ती म्हणाली. "त्यापेक्षा हे वाच. काळावर आहे."

पुस्तक इंग्रजीत होतं. कुणा परदेशी शास्त्रज्ञानं सामान्य माणसासाठी लिहिलेलं, असं मागच्या बाजूला म्हटलं होतं. सामान्य माणूस म्हणजे मीच, असं धरून मी दुसऱ्या दिवशी सुरुवात केली. दुपारी दोन ते चार आमच्या गल्लीत कुणी आजारी पडत नाही, सगळे झोपलेले असतात. पहिलं प्रकरण मी तीनदा वाचलं. पहिल्यांदा काही कळलं नाही, दुसऱ्यांदा कळल्यासारखं वाटलं, तिसऱ्यांदा कळलं की दुसऱ्यांदा कळलं नव्हतं.

पण हळूहळू मजा यायला लागली. उंचावर ठेवलेलं घड्याळ खाली ठेवलेल्या घड्याळापेक्षा थोडं जोरात चालतं. घड्याळ बिघडलेलं नसतं, तिथला काळच तसा असतो. फरक इतका बारीक की माणसाच्या आयुष्यात तो दिसणारही नाही, पण मोजलेला आहे. मी लगेच भाचीला विचारलं, "म्हणजे तुम्ही तिसऱ्या मजल्यावर राहता, मी तळमजल्यावर. तुम्ही माझ्या आधी म्हातारे होणार?"

"हो, पण एवढंसंच."

"वहिनीला सांगते. लिफ्ट बंद असते म्हणून कटकट करते ती. आता आणखी एक कारण मिळेल तिला."

सूर्याचा उजेड आपल्यापर्यंत यायला आठ मिनिटं लागतात, म्हणजे आपण पाहतो तो सूर्य आठ मिनिटांपूर्वीचा, हेही त्यात होतं. शाळेत हे शिकले असणार मी, पण शाळेत ते गुण मिळवण्यासाठी होतं. चहा आपोआप गार होतो, आपोआप गरम कधीच होत नाही, आणि जवळजवळ तेवढ्यावरूनच निसर्गात कालचं कुठलं आणि उद्याचं कुठलं ते ओळखू येतं, हेही होतं. त्या पानावर मी वर पाहिलं तर माझा चहा गार झाला होता. पुस्तकाचा एवढा झटपट पुरावा मला पूर्वी कधी मिळाला नव्हता.

सगळ्यात डोक्यात बसली ती एक गोष्ट. "आत्ता" हा शब्द फक्त जवळच्या जवळ खरा. सगळ्या विश्वाला मिळून एकच "आत्ता" असं काही नसतं. आणि हे समजावताना लेखकानं एक साधं उदाहरण दिलं होतं: आगगाड्या येण्यापूर्वी गावागावाची वेळ वेगळी असे. ज्याच्या डोक्यावर सूर्य, त्याचे बारा. गाड्यांचं वेळापत्रक जुळेना म्हणून सगळ्यांनी एक वेळ मान्य केली. ती सोयीची वेळ, सूर्याची नव्हे.

हे वाचलं आणि विसरले. नंतर ते आठवलं, ते लग्नाच्या तयारीत.

भाचीनं आपलं लग्न आपणच ठरवलं होतं. मुलगा तिच्याच कॉलेजात, केमिस्ट्रीचा. घरचे इथून जवळच्याच सिहोऱ्याचे, धान्याचे व्यापारी, हिंदी बोलणारे, मोठं खटलं. दादानं, म्हणजे माझ्या भावानं, बरेच दिवस हो-नाही केलं आणि शेवटी एका अटीवर हो म्हटलं.

"जेवण त्यांच्या आवडीचं, बँड त्यांचा, घोडी त्यांची, फेरे त्यांचे. माझं काही म्हणणं नाही," तो म्हणाला. "मुहूर्त तेवढा आपला. सकाळचा. अंतरपाट धरायचा आणि मिनिटावर अक्षता पडल्या पाहिजेत. रात्री एक वाजता डोळे चोळत मी मुलीचं लग्न लावणार नाही."

सिहोऱ्याच्या लोकांनी मान्य केलं. त्यांच्याकडे बरात म्हणजे रात्रीची, नाचत नाचत येणारी, वेळेचा आणि तिचा काही संबंध नसणारी. तरी नवऱ्या मुलाच्या दादीनं फोनवर सांगितलं, "समधी जी, आप जो टाइम बोलेंगे, हम आ जाएँगे." दादाला बरं वाटलं. मला हे जरा फार गोड वाटलं, पण मी गप्प बसले.

मुहूर्त काढला पुण्याच्या काकांनी. आमच्या घरात ही रीतच आहे. आमची माणसं कित्येक पिढ्यांपासून जबलपूरला आहेत, पण लग्न-मुंज निघाली की पुण्याला विचारायचं. पूर्वी पत्र लिहीत, आता फोन. काका पंचांग काढतात, चष्मा पुसतात, आणि मिनिट सांगतात. त्यांनी सांगितलं अकरा वीस. दादानं ते पत्रिकेत छापलं.

त्याच आठवड्यात गुरुजी रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला दुकानात आले. आमच्या इथल्या मराठी घरांची सगळी कार्यं तेच करतात. पुस्तक काउंटरवर पालथं पडलं होतं. ते पाहून मला एकदम आगगाड्यांचं पान आठवलं.

"गुरुजी," मी विचारलं, "पुण्याला सूर्य उगवतो तेव्हा आपल्याकडे किती वर आलेला असतो?"

"चांगला वर असतो. वीस-पंचवीस मिनिटांचा फरक आहे ना."

"मग पुण्याचा मुहूर्त आपल्याला चालतो कसा?"

गुरुजींनी गोळ्यांचं पाकीट खिशात ठेवलं आणि रस्त्याकडे पाहिलं. "चालतो म्हणजे… नाही चालत. लग्नाचा मुहूर्त म्हणजे आपल्या क्षितिजाचा हिशेब. इथला घेतला तर दहा पंचावन्न येईल."

"मग आजवर बोलला नाहीत काहून?"

"तुमच्या घरचा मुहूर्त पुण्याहून येतो. मला कोणी विचारलं? यजमानानं विचारल्याशिवाय शहाणपण सांगू नये, असं माझे वडील सांगून गेले."

"तुमच्या वडिलांनी माझं लग्न लावलं होतं."

"हो. पुण्याच्याच वेळेवर," गुरुजी म्हणाले, आणि गिऱ्हाईक आलं तसे सटकले.

इथे मी गप्प बसायला हवं होतं, असं आमच्या घरात सगळ्यांचं मत आहे. माझं तसं मत नाही. चुकीची तारीख दिसली की मी माल परत पाठवते. त्याच संध्याकाळी तीन जिने चढून मी दादाकडे गेले आणि सगळं सांगितलं.

दादा जेवत होता. त्याचा घास हातात राहिला. "म्हणजे आईबाबांचं लग्न, माझं लग्न, तुझं लग्न…"

"सगळी मुहूर्त टळून गेल्यावर लागलेली," मी म्हणाले.

वहिनी स्वयंपाकघरातून बाहेर आली. "अच्छा! तरीच!" ती म्हणाली. "इतकी वर्षं मी विचार करून राहिली की चुकलं कुठं."

भाची हसत सुटली, पण दादा हसला नाही. त्यानं गुरुजींना फोन केला, खात्री करून घेतली, आणि सिहोऱ्याला कळवलं की मुहूर्त पंचवीस मिनिटं अलीकडे आला आहे. पलीकडून दादी म्हणाली, "कोई बात नहीं जी, और जल्दी आ जाएँगे." पुण्याच्या काकांना मात्र त्यानं काही सांगितलं नाही. मोठ्या माणसाला दुखवायचं नाही म्हणून.

भाची मला खाली सोडायला आली तेव्हा हसू संपलं होतं. "आत्या, पुस्तक मी वाचायला दिलं होतं तुला. वापरायला नाही."

"चुकीच्या वेळेला लग्न लागलं तर चाललं असतं तुला?"

"मला कोणत्याही वेळेला चाललं असतं! प्रश्न बाबांचा आहे. सिहोऱ्याची माणसं फक्त आपल्यासाठी सकाळची बरात काढून राहिली. ती अकरा वीसला कशीबशी पोचली असती. आता दहा पंचावन्न. उशीर झाला तर बाबा भांडणार नाहीत. गप्प बसतील. आणि तुला माहीत आहे त्यांचं गप्प बसणं."

मला माहीत होतं. शेजारच्या वकिलांनी एकदा आमच्या फाटकापुढे गाडी लावली होती. गाडी विकली गेली, वकील इंदूरला गेले, दादाचं मौन अजून चालू आहे. ते मौन घेऊन ही मुलगी सिहोऱ्याच्या घरात सणावाराला जाणार, आणि तिकडचे विचारणार, "तुम्हारे पापा नहीं आए?" आयुष्यभर. मी तिला म्हणाले, "बरात आणायचं मी पाहते." कसं पाहणार होते, ते मला ठाऊक नव्हतं.

लग्नाच्या दिवशी सिहोऱ्याच्या लोकांनी कमालच केली. पहाटे निघून नऊच्या आधी ते गावात पोचले. लग्नासाठी घेतलेल्या लॉनपासून जवळच एका धर्मशाळेत त्यांची उतरण्याची सोय होती. पोहे-जलेबी खाऊन, साफे बांधून, सव्वादहाला घोडी सजून उभी होती. दादा खूश. धर्मशाळेपासून लॉनच्या फाटकापर्यंत माणूस पाच मिनिटांत चालत येतो.

पण चालत येणारी ती बरात नव्हे. पुस्तकात लिहिलं होतं की जोरात जाणाऱ्या घड्याळाचा काळ मंदावतो. जागच्या जागी उभं राहून काळ मंद कसा करायचा, ते मला सिहोऱ्याच्या बँडनं दाखवलं. साडेदहाला ते कोपऱ्यावरच्या सायकलच्या दुकानापाशी होते. पावणेअकराला ते कोपऱ्यावरच्या सायकलच्या दुकानापाशीच होते.

मी पदर खोचला आणि रस्त्यावर गेले. मधोमध दादी नाचत होती. सत्तरीच्या पुढची बाई, गुडघ्याला पट्टा, डोक्यावरचा पल्लू न ढळता दोन्ही हात वर. तिच्याभोवती सुना, नाती, पुतणे. घोडीवर नवरदेव घामाघूम, घड्याळाकडे बघत. मला पाहताच त्यानं हात जोडले. त्याला सगळं कळत होतं, पण घोडीवर बसलेल्या माणसाच्या हातात काही नसतं.

"दादी जी, मुहूर्त निकल रहा है!" मी ओरडले. बँडमुळे मला माझाच आवाज ऐकू आला नाही.

"आओ बेटा, तुम भी आओ!" दादीनं माझा हात धरून मला आत ओढलं.

"मुहूर्त, दादी जी! दस पचपन!"

"अरे, मुहूर्त कहीं भागा थोड़े जा रहा है! पोते की बरात एक बार निकलती है."

"वो भाग ही रहा है! उसका काम ही वही है!"

ती हसली आणि मला गोल फिरवलं. मग माझ्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं आणि थांबली. बँडवाल्याला हातानं खूण केली. "चलो रे, लड़की वाले घबरा रहे हैं." बरात सरकली. पण शंभर माणसांची बरात सरकवणं म्हणजे कपाट सरकवणं. एक कोपरा पुढे गेला की दुसरा अडतो. फाटकाशी ओवाळणं आलं, फाटकाशी फोटो आले, घोडीवरून उतरताना साफा सुटला. मांडवात गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. दहा पंचावन्न झाले, आणि नवरदेव अजून फाटकातच होता.

दादा मांडवाच्या खांबापाशी उभा होता. त्यानं घड्याळ पाहिलं, बाही खाली ओढली आणि खुर्चीवर जाऊन बसला. ओठ मिटले. मला ते ओठ ओळखीचे. वकिलांच्या वेळेस असेच मिटले होते. आतल्या खोलीच्या दारातून भाचीनं पाहिलं, पिवळी साडी, मुंडावळ्या बांधलेल्या, आणि तिचा चेहरा पडला.

मी दादासमोर जाऊन उभी राहिले. धापा टाकत होते, पण डोकं चालू होतं. "ऊठ," मी म्हणाले. "मुहूर्त अजून व्हायचा आहे."

त्यानं घड्याळावर बोट ठेवून दाखवलं.

"जबलपूरचा झाला. पुण्याचा अकरा वीसला आहे. पत्रिकेत तोच छापलाय."

"तो चुकीचा आहे. तूच सांगितलं."

"मी सांगितलं की तो इथला नाही. आईबाबांचं त्यावर झालं, तुझं झालं, माझं झालं. तुझी काही तक्रार आहे?"

त्यानं वहिनीकडे पाहिलं. वहिनी हातात अक्षतांचं ताट घेऊन उभी होती. "तक्रारी पुष्कळ आहेत," ती म्हणाली, "पण मुहूर्ताबद्दल एकही नाही."

दादाचे ओठ जरा हलले. मी सोडलं नाही. "आणि सूर्य स्वतः रोज आठ मिनिटं उशिरा दिसतो. त्याच्याशी बोलणं टाकलंय का कुणी?"

"हे कुठून आणलं?"

"पुस्तकातून. गुरुजी, तुम्ही बोला. आता विचारून राहिले तुम्हाला."

गुरुजींना विचारलेलं फार आवडलं. त्यांनी उपरणं सारखं केलं, घसा साफ केला. "शास्त्र म्हणते, दहा पंचावन्न. ते टळलं. पण शास्त्राच्या खालोखाल कुळाचार असतो. तुमच्या कुळात लग्नं पुण्याच्या वेळेवर लागतात, निदान तीन पिढ्या. माझ्या वडिलांनी लावली आहेत. कुळाचार मोडायचा तर तुमची मर्जी."

दादानं बोटांवर पिढ्या मोजल्या. त्याचं डोकं हिशेबी आहे. नियम मोडायला सांगितलं तर तो हलत नाही, पण दुसरा नियम दाखवला की हलतो. तो उठला, फाटकाशी गेला आणि साफा बांधत असलेल्या जावयाला म्हणाला, "आरामात बांधा. वीस मिनिटं आहेत." मग दादीकडे वळून, हिंदी विसरून सरळ मराठीत म्हणाला, "या, दमला असाल, बसा." दादीला मराठी येत नाही. तिला बरोबर कळलं.

अंतरपाट धरला तेव्हा वेळ हातात होता, उलट जास्तच होता. मग आमच्याकडच्या बायकांना जे करायचं असतं ते त्यांनी केलं. मंगलाष्टकं. स्वतः रचलेली, घरच्या सगळ्यांची नाती कोंबलेली, चालीत न बसणारी. एकीचं झालं की दुसरी. सिहोऱ्याच्या बायका हातात अक्षता घेऊन प्रत्येक कडव्याला टाकायला जात आणि आम्ही ओरडत असू, "अभी नहीं! सावधान पे! सावधान पे!" तिसऱ्या वेळेला त्याही "सावधान!" म्हणायला लागल्या, आमच्यापेक्षा मोठ्यानं. दादीनं तर माझा दंड धरून विचारलं, "इतना लंबा गाना? और कहते हो हम टाइम लगाते हैं!"

अकरा वीसला अंतरपाट दूर झाला आणि अक्षता पडल्या. अगदी मिनिटावर. दादानं घड्याळ पाहिलं आणि मान डोलावली. भाचीनं हार घालताना माझ्याकडे पाहून डोळा मारला. फोटोत तो आला आहे, नवरदेवाला वाटतं त्याला मारला. संध्याकाळी त्यांचे फेरे झाले, त्यांच्या पंडितजींच्या वेळेवर, आणि ते कोणत्या गावच्या सूर्यावर होते ते मी विचारलं नाही. एका दिवसात एवढं विज्ञान पुरे.

पुण्याच्या काकांचा फोन दुपारी आला. दादानं मोठ्या आवाजात सांगितलं, "काका, तुमच्याच वेळेवर लागलं. एक मिनिट इकडे नाही, तिकडे नाही." काका म्हणाले, त्यांना खात्री होतीच.

आता दादा निवृत्त झाला आहे. परवा दुपारी तो दुकानात आला, काउंटरच्या आत बसला आणि ते पुस्तक चाळायला लागला. भाचीसारखंच त्यानंही खोकल्याच्या दोन गोळ्या तोंडात टाकल्या. मी कप्पे आवरत होते.

"घरी सत्यनारायण करायचा आहे," तो म्हणाला. "सिहोऱ्याचे सगळे येतील."

"मग पुण्याला फोन कर. की गुरुजींना विचारू?"

त्यानं पान उलटलं. "दादीला केला मघाशी. त्यांना कधी जमते ते विचारलं. त्या म्हणाल्या बारा." त्यानं पुस्तकातून डोकं वर काढलं. "म्हणजे दीड. तुझ्या वहिनीला सांगितलं, प्रसादाचा शिरा सव्वाला चढव."